मेमसाबचा डबा

बालाघाटात भाड्याची खोली शोधणाऱ्या मुलीला पहिला प्रश्न कामाचा विचारत नाहीत, खाण्याचा विचारतात. "नॉनव्हेज तर नाही ना खात?" प्रश्न दिसायला गरीब. पण मी वकील आहे, प्रश्नाच्या पोटात काय दडलंय ते मला कळतं. तोंडावर जात विचारायची लाज वाटते म्हणून लोक ताट विचारतात. मी खरं उत्तर द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी ती खोली मालकाच्या भाच्याला हवी असायची. त्या वर्षी बालाघाटात एवढे भाचे शिकायला आले की माझी खात्रीच पटली, या गावात मामा लोक फार प्रेमळ आहेत.

माझ्या तिरोडी गावाहून रोज कोर्टात जाणं-येणं जमत नव्हतं. पाय दुखले होते आणि डोकं तापलं होतं, अशा अवस्थेत मी एका दुपारी गार्डसाहेबांच्या फाटकात उभी राहिले. अंगणात खुर्ची टाकून एक सडपातळ म्हातारा बसला होता. अंगात बनियन, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. त्यानं मला वरून खाली पाहिलं आणि तोच प्रश्न.

"नॉनव्हेज खाता का?"

"खाते."

"डुकराचं?"

म्हटलं, हा तर भांडायलाच बसलाय. "हो, डुकराचंही खाते. आमच्याकडे लग्नात वाढतात. तुम्हाला काय करायचंय?"

म्हाताऱ्यानं शिट्टी तोंडात घातली आणि एकदाच, बारीकशी वाजवली. आतून पदराला हात पुसत त्यांची बायको बाहेर आली.

"भेटली," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "खोली तुमची, वकीलबाई. नसत्या खात तर देल्ली नसती. मले एक चाखनारं मानूस पायजे."

असा भाडेकरार मी पुढं कधी पाहिला नाही.

गार्डसाहेब छोट्या लाईनीवर गार्ड होते. बालाघाटहून सातपुड्याच्या जंगलातून जबलपूरला जाणारी ती अरुंद गाडी. पुढं इंजिनात ड्रायव्हर, मागं शेवटच्या डब्यात हे. लाईन मोठी करायला घेतली, छोटी गाडी बंद पडली, आणि काही दिवसांत हेही निवृत्त झाले. पुढं रेल्वेनं गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, त्याचा त्यांना मनापासून राग. "मॅनेजर दुकानात असते," म्हणायचे. "मी गार्ड होतो. मी झेंडी दाखोल्याबिगर गाडी हालत नव्हती."

गाडी गेली तरी सवय राहिली होती. घरातलं काहीही त्यांच्या शिट्टीशिवाय सुटत नसे. नळ आला, शिट्टी. दूध तापलं, शिट्टी. मी कोर्टात जायला जिना उतरले की ते फाटकाशी उभे राहून रस्ता दोन्हीकडून पाहायचे आणि खिशातून हिरवी झेंडी काढून हलवायचे. पहिल्या आठवड्यात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरची पोरं हसायची. महिनाभरानं एक दिवस त्यांना ताप होता, झेंडी नव्हती, तर माझी मेली स्कूटीच सुरू होईना.

लाल झेंडी मात्र वेगळ्या कामाची. काकू, म्हणजे गार्डसाहेबांची बायको, मांसमच्छी खात नव्हत्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरात ते शिरतही नव्हतं. आमच्या भागात अशी घरं पुष्कळ. पुरुषमंडळींना मटण खायचंच असेल तर अंगणात वेगळी चूल, शिजवायला वेगळा गंज, ढवळायला वेगळा पळा, आणि शिजवायचंही त्यांनीच. त्या भांड्यांनी उंबरठा ओलांडायचा नाही. गार्डसाहेबांनी त्या नियमाला रेल्वेचं रूप दिलं होतं. अंगणात मांस चुलीवर असलं की तुळशीजवळच्या तारेवर लाल झेंडी. ती दिसली की काकू अंगणात उतरायच्या नाहीत, खिडकीतून बोलायच्या. आणि खिडकीतून त्यांचा तोंडाचा पट्टा जो सुटायचा, त्याला कुठलीच झेंडी नव्हती.

आता मूळ मुद्द्यावर येते. त्यांना चाखणारं माणूस कशाला हवं होतं?

तर एका डब्यासाठी. पांढरा इनॅमलचा, निळ्या काठाचा, झाकणाचा एका जागी टवका उडालेला. तो बैठकीत, देवाच्या फोटोखाली ठेवलेला असायचा आणि रोज पुसला जायचा. डबा त्यांच्या ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोचा. ड्रायव्हरसाहेब अँग्लो-इंडियन, रेल्वे कॉलनीत राहायचे. दोघांनी एकाच गाडीवर उभी हयात काढली. थंडीत ड्यूटी असली की ती मेमसाब दोन डबे भरून द्यायची. एक नवऱ्याला, एक गार्डला. डब्यात हॅम, म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस, घातलेलं राजम्याचं सूप. पुढं इंजिनात ड्रायव्हर आपला डबा खायचा, मागं हे आपला. मधे सगळी गाडी. पन्नास वेळा एकाच वेळी जेवले असतील, पण एकत्र एकदाही नाही.

"बाई, तुमाले काय सांगू," गार्डसाहेब सांगायचे, "जंगलात अशी थंडी राहे का बोटं झेंडीले चिकटत. अन् थ्या डब्याचं झाकन उघडलं का..." पुढचं वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही. तिथं आले की डब्याकडे बघायचे.

छोटी लाईन बंद झाली त्या शेवटच्या फेरीलाही मेमसाबनं डबा दिला होता. त्या दिवशी हार, ढोल, फोटो. त्या गडबडीत डबा यांच्याकडेच राहिला. ड्रायव्हरसाहेब कुटुंबासकट जबलपूरला गेले. आणि आपल्याकडे, तुम्हाला माहीतच आहे, दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत.

"साखर घाला अन् धाडून द्या," काकूंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. "नाहीतर तांदूळ घाला. कोन पाह्यते?"

"तिनं जे देल्लं तेच जाईन," गार्डसाहेब म्हणाले. "इतकी वर्षं बाईनं खाऊ घातलं, अन् मी साधं थँक्यू नाही म्हन्लं. आता साखर धाडू?"

म्हणून दर हिवाळ्यात अंगणात सूप. ते मनासारखं जमलं की डब्यात भरायचं, गाडीत बसायचं, जबलपूरला जाऊन मेमसाबच्या हातात द्यायचं. एवढा साधा बेत. मी राहायला गेले तेव्हा तो कितव्यांदा फसला होता ते काकूंनाच ठाऊक.

पहिली अडचण हॅमची. बालाघाटात हॅम कुठून मिळणार? दुकानदाराला विचारलं तर तो हमाम साबण दाखवेल. गार्डसाहेब स्वतः करायचे. संक्रांतीच्या आसपासची थंडी पडली की बाजारातून डुकराची अख्खी मांडी आणायची, तिला मीठ, गूळ, मिरपूड चोळून माठात दाबायची, रोज उलटायची. मग धुरावर टांगायची. आणि धुरासाठी त्यांनी काय वापरलं असेल? गार्डची लाईनीची पेटी. पूर्वी प्रत्येक गार्डाला रेल्वेची एक मोठी लोखंडी पेटी असायची. झेंड्या, दिवा, रुळावर लावायचे धोक्याचे फटाके, सगळं तिच्यात. त्यांनी निवृत्तीनंतर तसलीच जुनी पेटी मिळवली, उभी केली, वर भोकं पाडली, आत आकडा लावला. खाली परातीत धानाचा कोंडा पेटवून विझवायचा, की धूर नुसता. राइस मिलांचं गाव, कोंड्याला तोटा नाही. पेटीवर पांढऱ्या अक्षरात 'गार्ड' लिहिलेलं होतं, आणि आत डुकराची मांडी उलटी लटकून प्रवास करत असायची.

मी गेले त्या पहिल्या हिवाळ्यात कोंडा जरा ओला निघाला. अंगणातून असा धूर उठला की समोरचं घर दिसेना. कुण्या भल्या माणसानं दमकल, म्हणजे आगीचा बंब, बोलावली. मी जिन्यावरून पाहते तर गल्लीच्या तोंडाशी लाल गाडी, घंटा वाजवत, आणि गल्लीच्या मधोमध गार्डसाहेब, बनियनवर रेल्वेचा जुना काळा कोट चढवून, लाल झेंडी आडवी धरून उभे. आणि गाडी थांबली. लाल झेंडी पाहून सरकारी गाडी थांबते हे मी त्या दिवशी शिकले.

"आग कहाँ है?" वरून एकानं विचारलं.

"आग नाही. धूर हाय," गार्डसाहेब म्हणाले. "आग अन् धूर यातला फरक कळत नाही अन् गाडी चालवता?"

"अजी, पानी मारना पड़ेगा."

"मारून पाहा. पंधरा दिवसांचं हॅम हाय आत."

काकूंनी खिडकीतून हाक दिली, "भाऊ, मारा पानी. हात जोडतो तुमाले, मारा."

मीच मग खाली उतरून कायद्याची भाषा बोलले, खाजगी आवार वगैरे, आणि प्रकरण मिटवलं. दमकलवाले जाता जाता पेटीत डोकावले, मांडी पाहिली, आणि त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "बन जाए तो बताना, दादा." सूप झालं तेव्हा खरंच आले. हातात डबे. डब्यात भात.

तो भात पाहून गार्डसाहेबांचा पारा चढला. कारण सुपाबद्दल त्यांचा एकच कायदा होता, आणि त्याला अपील नव्हतं. भात नाही. आता हा धानाचा जिल्हा. इथं पातळ म्हणून जे काही असेल ते भातावरच पडतं. चहा तेवढा सुटला. सगळी गल्ली त्या सुपाला 'डुकराचं वरण' म्हणायची आणि ताटात भात घेऊन यायची. गार्डसाहेब फाटकातूनच परत पाठवायचे. "साहेब लोकाईचं सूप हाय हे. चमच्यानं प्या. भातावर घ्यायचं असन तर घरी जाऊन वरन करा."

"तुम्ही तेव्हा डब्यातनं चमच्यानंच खायचात?" मी एकदा विचारलं. सवयच आहे मला.

"मंग? तुमच्या काकूनं देल्लेला भात मी संध्याकाळी दह्यात खाये. मेमसाबच्या सुपात भात कालवला असता तर तिले काय वाटलं असतं?"

"तिनं पाहिलं असतं का? ती तर घरी होती."

"बाई, इथं कोर्ट नाही," ते म्हणाले.

चाखायचा दिवस म्हणजे माझी साक्ष. अंगणात स्टूल, माझ्यासमोर वाटी, आणि ते समोर उभे, हात मागं बांधून. "खरं सांगजा, वकीलबाई. कोर्टात सांगता तसं नका सांगू."

खरं सांगायचं तर हॅम उत्तम असायचं. धुराचा वास, गुळाची किंचित गोडी, आणि मांस असं मऊ की चमच्यानं सुटावं. राजमाही शिजलेला. पण वरचं पाणी वेगळं आणि खालचा राजमा वेगळा. दोघं एका घरात राहून एकमेकांशी बोलत नाहीत असं काहीतरी. मी तसं सांगितलं की ते मान हलवायचे. "हौ. मेमसाबचं चमच्याले धरून राहे. माझं सुटते. काहीतरी राह्यलं."

"बेसन लावा थोडं," खिडकी म्हणायची.

"मेमसाब बेसन लावन का?"

"मंग बसा पानी पीत."

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या जिन्याच्या पायरीवर झाकलेल्या वाटीत गरम भात ठेवलेला असायचा. काकू त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत, मीही नाही. वर जाऊन दार लावून मी सूप भातावर ओतून खायची. आणि तेच सूप, देवाशपथ सांगते, दुसरंच काहीतरी व्हायचं. पण हे खाली सांगायची माझी छाती नव्हती. खोली चांगली होती.

काय राहिलं याचे त्यांचे दर वर्षी नवे सिद्धांत. एका वर्षी पाणी. नळाचं नको म्हणून वैनगंगेचं आणलं. एका वर्षी राजमा. गोंदियाचा नको म्हणून कुणाकडून डोंगरातला मागवला. आणि एका वर्षी तर कहर. सकाळी सकाळी शिट्टी. मी डोळे चोळत खाली आले तर दारात ऑटो, आणि गार्डसाहेब पुढं ऑटोवाल्याशी वाटाघाट करत होते.

"हलन्याचं राह्यलं, वकीलबाई," मला पाहताच ते म्हणाले. डोळे चमकत होते. "सूप घरून निघे तवा पातळच असन. छोट्या गाडीत चार घंटे हादरे बसत. त्यानं राजमा घोटला जाये. इतकी साधी गोष्ट."

म्हणजे सूप हलवायचं. हातानं नाही, प्रवासानं. गंजाचं तोंड कापडानं बांधून तो ऑटोत आमच्या दोघांच्या मधे ठेवला, आणि आम्ही वारासिवनीच्या बाजूला निघालो. मी साक्षीदार म्हणून. रस्ता बरा लागला की गार्डसाहेब ड्रायव्हरवर रागवायचे. "कच्च्यानं घे ना. खड्डा दिसला तर सोडू नको."

"दादा, मेरी गाड़ी टूट जाएगी."

"टूटन तर मी पाहीन. घे."

त्या माणसानं मग कसूर ठेवली नाही. मेला सूड उगवल्यासारखा चालवत होता. एका नाल्याच्या उतारावर कापड सुटलं आणि सुपानं मला कोर्टाच्या काळ्या कोटासकट न्हाऊ घातलं. त्या दिवशी माझी एक तारीख होती. मी तशीच गेले. विरुद्ध बाजूचे वकील बोलता बोलता दोनदा थांबले, हवा हुंगली, आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, कुछ जल रहा है क्या?" गंजात जे उरलं होतं ते पातळचं पातळच. ते कसंय, हे कळायला मला चाखावंही लागलं नाही, अंगावरच होतं.

हे सगळं मी हसत सांगतेय, कारण हसण्यासारखंच होतं. पण एका वर्षी संक्रांत गेली, पेटी अंगणात निघालीच नाही. मी कोर्टातून आले तर अंगणातूनच दिसलं, गार्डसाहेब बैठकीत तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. गळ्यात शिट्टी नव्हती. काकू लाल झेंडी नसतानाही खिडकीतूनच बोलल्या, हळू आवाजात. "जबलपूरहून फोन आलता. मेमसाब गेल्या."

मी आत जाऊन शेजारी बसले. ते म्हणाले, "साखर घालून देल्ला असता तर पोचला असता, नाही?" मग डबा पालथा करून बुडाकडे बघत राहिले. "आता कोनाले देऊ हा?" इतका हट्टी माणूस, पण त्या दिवशी त्यांच्याकडे पाहून मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पुढच्या थंडीत मात्र ड्रायव्हरसाहेबांचाच फोन आला. मुलगी त्यांना परदेशात घेऊन चालली होती, कायमचं. जबलपूरहून गोंदिया, तिथून नागपूर, तिथून विमान. मधे बालाघाट लागतं. "एक टाइम तुम्हारे घर खाऊँगा," ते म्हणाले. "सुबह उतरूँगा, दोपहर की गाड़ी से निकल जाऊँगा."

फोन ठेवला आणि गार्डसाहेबांनी अशी शिट्टी फुंकली की शेजारचं कुत्रं पळालं. पेटी निघाली. मांडी आली. कोंडा उन्हात वाळवून घेतला, दमकलवाल्यांना आधी कळवून ठेवलं. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही. काकूंनी त्या पंधरा दिवसांत बेसनाचं नावही काढलं नाही, यावरून काय ते समजा. आता ही शेवटची गाडी होती. ही चुकली तर डबा जन्माचा त्या फोटोखाली राहणार, रिकामा.

ड्रायव्हरसाहेब आले. थोराड देह, हातात काठी, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. फाटकात दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत उभे राहिले. मिठी नाही, काही नाही. गार्डसाहेबांनी हिरवी झेंडी दाखवली, ड्रायव्हरसाहेबांनी तोंडानंच इंजिनाचा भोंगा वाजवला, आणि आत आले.

अंगणात टेबल मांडलं होतं, चादर टाकून. मी चिरेबंद चेहरा करून स्टुलावर. खिडकीत काकू. गार्डसाहेबांनी वाटी भरली, समोर ठेवली, चमचा उजवीकडे ठेवला आणि हात मागं बांधून उभे राहिले.

ड्रायव्हरसाहेबांनी एक चमचा घेतला. मग दुसरा. मग वाटीत चमचा फिरवला, जसं काही हरवलंय.

"हैम बढ़िया," ते म्हणाले. "घर पे बनाया? गजब है."

"हौ, साब."

"बीन्स भी बढ़िया." पुन्हा चमचा फिरला. "चावल किधर है?"

"साब," गार्डसाहेब म्हणाले. "सूप में... चावल?"

"कनकी. मुट्ठी भर कनकी डालती थी वो, बीन्स के साथ. गल जाती थी, दिखती नहीं थी. उसी से तो गाढ़ा होता था." त्यांनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. "अरे, वो यहीं की लड़की थी, वारासिवनी की. बालाघाट जिले में पैदा होके कोई बिना चावल के पकाता है क्या?"

मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी ताबडतोब दुसरीकडे पाहिलं. इतकी वर्षं वैनगंगेचं पाणी आणलं, खड्ड्यांतून ऑटो हाकली, अख्ख्या गल्लीचा भात फाटकातून परत पाठवला. आणि त्या डब्यात पहिल्यापासून भातच होता. मोडक्या तांदळाची कणी, कोंबड्यांना टाकतात ती.

गार्डसाहेब मटकन चुलीजवळच्या दगडावर बसले. त्यांनी घड्याळ पाहिलं. गाडीला फार वेळ नव्हता, आणि ज्या माणसानं आयुष्यात गाडीला उशीर होऊ दिला नाही त्याला आता तो हवा होता. "आता कनकी शिजवाले टाइम नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. मग दार उघडलं. तारेवर लाल झेंडी फडकत होती, आणि तिच्या खालून काकू अंगणात आल्या. डोक्यावर पदर, हातात त्यांच्या स्वयंपाकघरातलं पातेलं.

"सकाळीच शिजोली होती कनकी," त्या म्हणाल्या. "पेज करून ठेवली. पाहुन्याचं पोट बिघडलं तर असावी म्हनून." आजवर कुणा पाहुण्याचं पोट बिघडलेलं मी त्या घरात ऐकलं नव्हतं. "गंज सरकवा खाली. माझं पातेलं टेकू देऊ नका त्याले."

आणि उंचावरून, भांड्याला भांडं न लावता, एक थेंब इकडं तिकडं न होऊ देता त्यांनी ती घट्ट पेज सुपात ओतली. गार्डसाहेबांनी गंज पुन्हा चुलीवर चढवला, जाळ वाढवला आणि पळा धरला. खदखद सुरू झाली, तिचा आवाजच बदलला. चमचा बुडवून वर काढला तर सूप चमच्याला धरून राहिलं.

त्यांनी चाखलं. मग त्या दिवशी मुद्दाम चढवलेल्या रेल्वेच्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, उघडपणे, आम्हा सगळ्यांसमोर. "हेच," म्हणाले. "वकीलबाई, हेच होतं."

ड्रायव्हरसाहेबांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि एकदाही मान वर केली नाही. त्यांना तसं खाताना पाहून काकूंनी विचारलं, "भाभी असंच करे का?" तेव्हा म्हणाले, "ऐसेइच." एवढंच. त्यातच सगळं आलं.

डबा भरला, झाकण लावलं, कापडानं बांधला. ऑटो तोच, ऑटोवाला तोच. आम्हाला पाहून त्यानं कपाळाला हात लावला. "धीरे, रे," गार्डसाहेब वाटभर सांगत होते. "खड्डा चुकव."

स्टेशनवर गाडी उशिरा होती. ड्रायव्हरसाहेब बाकावर बसले, डबा मांडीवर. "हवाई जहाज में ये सब ले जाने नहीं देते," ते म्हणाले आणि झाकण उघडलं. गार्डसाहेब शेजारी बसले. पहिल्यांदाच दोघं एका बाकावर जेवत होते, एकाच डब्यातून, एकच चमचा आळीपाळीनं. मी जरा लांब जाऊन उभी राहिले, कारण आता साक्षीदाराचं तिथं काम नव्हतं.

संपल्यावर ड्रायव्हरसाहेबांनी फलाटाच्या नळावर डबा स्वतः धुतला, शर्टानं पुसला आणि गार्डसाहेबांपुढं धरला. "रख लो. मैं वहाँ किसको दिखाऊँगा."

गार्डसाहेबांनी हात मागं घेतला. "साब, खाली डब्बा..."

"मालूम है, मालूम है. मेरे को भी वो सिखाके गई है." त्यांनी खिशात हात घातला. पेपरमिंटच्या दोन गोळ्या निघाल्या. त्या डब्यात टाकल्या, झाकण लावलं, दिलं.

गाडी आली, गेली. गार्डसाहेब फलाटाच्या टोकापर्यंत हिरवी झेंडी धरून चालले. शेवटच्या डब्यातल्या कुण्या तरुण मॅनेजरनं काय समजायचं ते समजून आपलीही झेंडी बाहेर काढली.

घरी आलो तर काकू फाटकातच उभ्या होत्या.

"देल्ला का डबा?"

"देल्ला," गार्डसाहेब म्हणाले, आणि डबा हलवला. आत गोळ्या खुळखुळल्या. "परत आला."

काकूंनी झाकण उघडून पाहिलं. मला वाटलं, आता हसतील, किंवा कपाळावर हात मारतील. त्यांनी एक गोळी मला दिली, एक नवऱ्याला दिली, आणि डबा पदरानं पुसला.

"मंग आपल्यावर आलं ना पुन्हा," त्या म्हणाल्या. "म्हंजे पुढच्या थंडीत आनखी डुक्कर."

"हौ," गार्डसाहेब म्हणाले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"आना मंग," काकू म्हणाल्या. "कनकी मी देईन."